‘ओल्ड नंबर वन’ आणि मूळपणाचा वाद

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे पुण्याच्या यादींत मोडतो. देऊळ पडलें, घाट खचला, विहीर बुजली, कीं कोणी तरी सत्त्वशील माणूस पुढें येतो, तें काम पुन्हां उभें करतो आणि लोक त्याचें नांव शेंकडों वर्षें आदरानें घेतात. अहल्याबाई होळकरांनीं काशीस विश्वेश्वराचें देऊळ नवें बांधविलें, तेव्हां त्यांत जुना दगड किती आणि नवा किती, हा प्रश्न कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. देव तोच, क्षेत्र तेंच, पूजा तीच. मग देऊळहि तेंच, असा आपला सरळ हिशेब.

युरोपांत मात्र एकोणिसाव्या शतकांत याच गोष्टीवरून मोठें रण माजलें. फ्रान्समध्यें व्हिओले-ल-द्युक या स्थापत्यविशारदानें कार्कासोनची तटबंदी आणि कित्येक जुनीं चर्चें दुरुस्त केलीं, तीं पूर्वीं कधीं नसतील इतकीं परिपूर्ण करून सोडलीं. आणि हेंच आपलें तत्त्व आहे असें तो उघडपणें सांगे. इंग्लंडांत जॉन रस्किन यानें १८४९ सालच्या आपल्या ‘सेव्हन लँप्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथांत असल्या जीर्णोद्धाराची गणना विध्वंसांत केली. आणि १८७७ सालीं विल्यम मॉरिसनें जुन्या इमारती जीर्णोद्धारकांच्या हातून वांचविण्यासाठीं एक संस्थाच काढली. हा वाद दगडावरून उतरून पुढें मोटारगाडीच्या पत्र्यावर येईल, हें या तिघांच्या स्वप्नींहि आलें नसेल. तो तसा आला आहे, आणि गेलीं कित्येक वर्षें मोठ्या हिरीरीनें चालला आहे. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, शर्यतीची जुनी मोटार ज्या दिवशीं कारखान्याच्या दरवाजांतून बाहेर पडली त्या दिवशीं ती जशी होती तशी ती पुन्हां करावी. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ती आज जशी आहे तशीच ती राहूं द्यावी. तिच्यावरचा ओरखडादेखील तिचा आहे.

शर्यतीच्या मोटारी हा श्रीमंतांचा खेळ, त्याची उठाठेव आपण कशाला करावी, असें कांहीं वाचक म्हणतील. आम्हांसहि आरंभीं तसेंच वाटत असे. परंतु जुनी वस्तु सांभाळावयाची म्हणजे नक्की काय सांभाळावयाचें, हा प्रश्न इतक्या उघड्या रूपानें दुसरीकडे क्वचितच भेटतो. देवळाच्या बाबतींत श्रद्धा आड येते, चित्राच्या बाबतींत कलावंताचें कौतुक आड येतें. मोटार ही पडली सुट्या भागांची जुळणी. सांगाड्यावर क्रमांक, इंजिनावर क्रमांक, आणि हल्लीं प्रत्येक क्रमांकामागें पैसा. इटलींतील फेरारीच्या कारखान्यानें १९६२ ते १९६४ या काळांत ‘२५० जीटीओ’ जातीच्या अवघ्या ३६ गाड्या केल्या. त्यांपैकीं एक २०१८ सालीं कॅलिफोर्नियांतील लिलावांत ४ कोटि ८४ लाख डॉलरांना गेली. इतक्या मोलाच्या वस्तूविषयीं ‘ही मूळचीच आहे काय?’ असें कोणीं विचारलें, तर तो प्रश्न शौकिनांच्या बैठकींत फार वेळ राहत नाहीं; तो वकिलांकडे जातो.

१९९० सालीं तो असाच गेला. लंडनच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें एका बेंटली मोटारीचा खटला उभा राहिला. गाडीच्या मालकानें ती एका कंपनीस एक कोटि पौंडांना विकण्याचा करार केला होता. कंपनी मागाहून बिचकली आणि म्हणूं लागली कीं, आम्हांस देऊं केलेली गाडी ही ‘ती’ गाडी नव्हेच. ‘ती’ म्हणजे कोणती, हें समजण्यासाठीं साठ वर्षें मागें गेलें पाहिजे.

डब्ल्यू. ओ. बेंटली यानें आपली कंपनी १९१९ सालीं काढली. गाड्या उत्तम, तिजोरी नेहमीं रिकामी, अशी तिची स्थिति होती. १९२६ सालीं वूल्फ बार्नाटो नांवाच्या तरुणानें तींत पैसा ओतला आणि ती ताब्यांत घेतली. याचा बाप दक्षिण आफ्रिकेच्या हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेला. पण मुलगा केवळ पैसा देऊन स्वस्थ बसणारा नव्हता. तो स्वतः गाडी हांकी, आणि असामान्य हांकी. फ्रान्समध्यें ल माँ येथें चोवीस तासांची एक शर्यत होते. दिवसरात्र गाडी पळवावयाची, दोघांनीं आळीपाळीनें चक्र धरावयाचें, आणि चोवीस तासांत जो अधिक अंतर तोडील तो जिंकला. बार्नाटो या शर्यतींत १९२८, १९२९ आणि १९३० अशा तीनच वेळां उतरला आणि तिन्ही वेळां जिंकला. यांतील शेवटच्या दोन शर्यती त्यानें एकाच गाडींतून जिंकल्या. ती साडेसहा लिटरची, सहा सिलिंडरांची ‘स्पीड सिक्स’ होती. १९२९ सालीं त्याचा जोडीदार टिम बर्किन होता, आणि त्या वर्षीं पहिले चारहि क्रमांक बेंटली गाड्यांनीं पटकावले. १९३० सालीं ग्लेन किड्स्टन जोडीला होता. हीच गाडी पुढें ‘ओल्ड नंबर वन’ या लाडक्या नांवानें प्रसिद्धीस आली.

१९३० सालीं कंपनीनें शर्यती सोडल्या, आणि १९३१ सालीं ती कंपनी रोल्स-रॉइसच्या पोटांत गेली. गाडीचें आयुष्य मात्र संपलें नव्हतें. लंडनच्या नैर्ऋत्येस ब्रुकलँड्स येथें काँक्रीटचा एक प्रचंड वर्तुळाकार रस्ता होता, आणि त्याच्या वळणाच्या बाजू भिंतीप्रमाणें वर उचललेल्या होत्या. तेथील पांचशें मैलांच्या शर्यतींत १९३१ सालीं जॅक डन्फी आणि सिरिल पॉल यांनीं हिलाच पुढें काढलें. पुढील वर्षीं तिचें इंजिन काढून आठ लिटरचें बसविण्यांत आलें. १९३२ च्या सप्टेंबरांत तीच शर्यत चालू असतां जॅकचा भाऊ क्लाइव्ह डन्फी चक्रावर होता. गाडी उंच कडेवर चढली, कडेच्या पलीकडे गेली, आणि क्लाइव्ह जागच्या जागीं ठार झाला. मोडलेल्या गाडीची बार्नाटोनें पुन्हां उभारणी करविली. पण ती आतां शर्यतीची राहिली नाहीं, रस्त्यावर फिरविण्याची एक बंद छपराची कूपे झाली. पुढें अनेक वर्षांनीं तिचें तें अंगहि उतरविण्यांत आलें आणि तिला ल माँच्या घाटाचें उघडें अंग पुन्हां चढलें.

आतां कोर्टापुढें जी उभी होती ती हीच, इतकीं रूपें पालटून आलेली गाडी. न्यायमूर्तींनीं तज्ज्ञांच्या साक्षी घेतल्या आणि तिचा एकेक अवयव तपासला. निष्पन्न काय झालें तें पाहण्यासारखें आहे. १९२९ सालीं ल माँ जिंकणाऱ्या गाडीपैकीं, ज्यांचा काळ खात्रीनें सांगतां येत नाहीं असे किरकोळ जोडभाग सोडले, तर कांहींच उरलें नव्हतें. १९३० सालच्या गाडीपैकीं पायपट्ट्यांचा दांडा, गिअरबॉक्सचें कवच आणि सुकाणूचा दांडा एवढें राहिलें असावें. सांगाडा होता तो १९३२ सालच्या, म्हणजे ज्या गाडींत क्लाइव्ह डन्फी मेला त्या गाडीचा. आणि इंजिन आठ लिटरचें, ज्याचा ल माँशीं कांहीं संबंध नाहीं असें.

इतकें झाल्यावर कंपनीचा पक्ष खरा ठरला असेल असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. न्यायमूर्तींनीं मोठ्या विवेकानें शब्दांची फोड केली. ‘मूळची’ हा शब्द या गाडीस लावतां येणार नाहीं, हें त्यांनीं मान्य केलें. परंतु ‘अस्सल’ हा शब्द वेगळा आहे, असें त्यांनीं ठरविलें. ही गाडी एकदां नष्ट होऊन मागाहून कोणीं नवी घडविलेली नाहीं. तिचे भाग बदलत गेले ते हळूहळू, एकामागून एक; प्रत्येक नवा भाग जुन्या गाडींत मुरत गेला, आणि कोणत्याहि एका क्षणीं ‘ही ती राहिली नाहीं’ असें म्हणण्याजोगी वेळ आली नाहीं. शिवाय या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगांत नाहीं. तेव्हां हीच ‘ओल्ड नंबर वन’, आणि खरेदीदारानें आपला करार पाळला पाहिजे.

हा निकाल वाचतांना आमच्यासारख्यास ‘मिलिंदपञ्ह’ आठवल्यावांचून राहत नाहीं. ग्रीक राजा मिलिंद रथांत बसून नागसेन भिक्षूकडे आला, तेव्हां नागसेनानें त्याला विचारलें कीं, राजा, आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? जूं, दांडी, लगाम, यांतील रथ कोणता? आणि हे सारे बाजूस ठेविले तर त्यांहून निराळा रथ कोठें आहे? मिलिंदाला कबूल करावें लागलें कीं, रथ हें या साऱ्यांच्या आश्रयानें चालणारें एक नांव आहे. न्यायमूर्ति ऑटन यांनीं तो पाली ग्रंथ उघडला असण्याचा संभव नाहीं. तरी दोन हजार वर्षांच्या अंतरानें ते त्याच रथापाशीं येऊन थांबले. भेद इतकाच कीं, नागसेनाला राजाच्या मनांतील आसक्ति सोडवावयाची होती, आणि कोर्टाला त्या नांवाची किंमत एक कोटि पौंड वसूल करून द्यावयाची होती.

कायद्याच्या दृष्टीनें न्यायमूर्तींचें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं बरोबर वाटतें. माणसाचें शरीर बदललें तरी त्याचें नांव आणि त्याचें कर्ज बदलत नाहीं, तसेंच हें. पण या निकालावरून कित्येकांनीं काढलेला धडा मात्र आम्हांस मान्य नाहीं. भाग बदलले तरी गाडी तीच राहते, तर मग बदलावयास हरकत काय, असें ते म्हणूं लागले. वस्तुतः त्या निकालपत्रांतून याच्या नेमकें उलट शिकावयाचें आहे. नांव वांचलें, पण १९२९ सालची गाडी गेली ती गेलीच. त्या वर्षीं कारखान्यांतील लोहारानें सांगाड्याचा पोलादी पट्टा कसा ठोकला होता, चोवीस तासांच्या त्या दौडींत कोणता भाग झिजला आणि कोणता टिकला, हें आतां कोणाहि अभ्यासकाला त्या गाडीकडून कळणार नाहीं. नांव कागदावर टिकतें. ज्ञान लोखंडांत, लांकडांत आणि रंगांत असतें, आणि तें एकदां फेंकून दिलें कीं कोणत्याहि कोर्टाला परत आणतां येत नाहीं.

जुना भाग फेंकला तो तरी फेंकलेला राहतो काय, हाहि एक मजेचा प्रश्न आहे. अथेन्सच्या लोकांनीं थीसियसचें गलबत एकेक फळी बदलून पिढ्यान् पिढ्या सांभाळलें, ही प्लूटार्कची कथा प्रसिद्ध आहे. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज यानें सतराव्या शतकांत तिला एक फांटा फोडला: त्या काढलेल्या जुन्या फळ्या कोणीं जमवून त्यांचें दुसरें गलबत बांधलें, तर खरें कोणतें? तत्त्वज्ञानाच्या वर्गांत हें कोडें राहिलें असतें. पण जुन्या मोटारींच्या बाजारांत तें अक्षरशः घडतें. एकाच्या कोठारांत मोडका सांगाडा, दुसऱ्याकडे त्याच गाडीचें इंजिन आणि अंगाचे पत्रे. दोघेहि आपापल्या तुकड्याभोंवतीं एक एक गाडी बांधतात, आणि एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या जगांत हिंडूं लागतात.

मग ‘कारखान्यांतल्यासारखी’ म्हणजे कशी? ऐकावयास हें फार सोपें वाटतें. परंतु शर्यतीच्या गाडीला कारखान्यांतलें असें एक कायमचें रूप बहुधा नसतेंच. कारखानाच ती दर हंगामाला उकली, तिचे भाग एका गाडींतून काढून दुसरींत घाली. आणि जकातीच्या कागदपत्रांची सोय व्हावी म्हणून कधीं कधीं एकीची क्रमांकपट्टी दुसरीवर ठोकून तिला सरहद्दीपार पाठवी, हेंहि या क्षेत्रांत सर्वश्रुत आहे. दुसरें असें कीं, ज्या गाड्यांचीं अंगें हातानें ठोकलेलीं असत त्यांच्या दोन बाजू एकमेकींशीं तंतोतंत जुळत नसत. इटलीच्या कारागिरानें ॲल्युमिनियमचा पत्रा लांकडी ठोकळ्यावर किंवा वाळूच्या पिशवीवर डोळ्याच्या अंदाजानें घडविलेला. डावी बाजू सकाळची, उजवी संध्याकाळची. रंगहि घाईंत फांसलेला, कारण गाडी चार दिवसांत शर्यतीला जावयाची. आजचा जीर्णोद्धारक पत्रा सोलून काढतो, दोन्ही बाजू मापून सारख्या करतो, आरशासारखा रंग चढवितो, शिवणी जुळवितो, पूर्वीं जेथें साधा रंग होता तेथेंहि क्रोमियमची झिलई देतो. असली गाडी प्रेक्षकांस ‘कारखान्यांतली’ म्हणून दाखविली जाते, ती कोणत्याहि कारखान्यांतून कधींच बाहेर पडलेली नसते. व्हिओले-ल-द्युकला हें काम आवडलें असतें.

तथापि या कारागिरांना सरसकट दोष देणें अन्यायाचें होईल. दुसऱ्या महायुद्धानंतर वीस-तीस वर्षें या गाड्यांना कोणी विचारीत नव्हतें. मोडीच्या भावानें त्या जात. ज्यांनीं त्या वेळीं पदरमोड करून, रात्रीं जागून, गंजलेले सांगाडे उचलून आणले आणि मिळेल त्या भागांनीं चालते केले, त्यांनीं तें केलें नसतें तर आज वाद घालावयास गाडीच उरली नसती. शिवाय कांहीं वस्तु अशा कीं त्या बदलाव्याच लागतात. टायर, ब्रेकच्या रबरी नळ्या, तेल झिरपूं न देणारीं वेष्टनें हीं टिकत नाहींत, आणि पन्नास वर्षांपूर्वींच्या ब्रेकनळीवर विश्वास ठेवून डोंगर उतरणें हें इतिहासप्रेम नव्हे. आमचा आक्षेप आहे तो, जें अद्याप शाबूत आहे तेंहि शोभेसाठीं खरडून काढण्यावर.

बाजाराला मात्र हें ज्ञान फार उशिरां झालें, आणि झालें तें त्याच्या नेहमींच्या पद्धतीनें, म्हणजे किंमतीच्या आंकड्यांतून. फ्रान्सच्या पश्चिम भागांत रोजे बायों नांवाच्या एका वाहतूकदारानें शतकाच्या मध्यावर जुन्या गाड्या जमविण्याचा सपाटा लाविला होता. धंदा बुडाला, गाड्या कोठारांत आणि उघड्या शेडींत तशाच पडून राहिल्या. २०१४ सालीं वारसांच्या बोलावण्यावरून लिलाववाले तेथें गेले, तेव्हां जुन्या मासिकांच्या ढिगाखालीं त्यांना १९६१ सालची एक फेरारी सांपडली. ती एके काळीं आलँ दलों या नटाची होती. ६ फेब्रुवारी १९१५ नव्हे, २०१५ रोजीं ती पॅरिसला लिलावांत उभी केली ती धुळीसकट, आणि १ कोटि ६२ लाख यूरोंहून अधिक किंमतीला ती गेली. तेव्हांपासून धूळ हाहि मूळपणाचा पुरावा होऊन बसला आहे. कोठारांतली धूळ पुसूं नये म्हणून विक्रेते जपतात हें पाहून हंसूं येतें. कारण धूळ ही गाडीच्या आयुष्याची खूण नसून तिच्या उपेक्षेची खूण आहे. मूळपणाचीहि फॅशन होते, आणि फॅशन झाली कीं तिचें सोंगहि निघतें.

याहून विलक्षण गोष्ट स्वित्झर्लंडांतील अस्कोना गांवच्या सरोवराची. तेथें जकात न भरलेली १९२५ सालची एक लहानशी ‘ब्रेशिया’ जातीची बुगाटी १९३६ च्या सुमारास अधिकाऱ्यांनीं साखळीला बांधून पाण्यांत सोडून दिली. पुढें साखळी तुटली आणि गाडी सुमारें पन्नास मीटर खोल तळाशीं जाऊन बसली. १९६७ सालीं एका पाणबुड्याला ती दिसली. त्यानंतर कित्येक वर्षें हौशी पाणबुडे खालीं जाऊन तिचें दर्शन घेऊन येत. २००९ च्या जुलैमध्यें ती वर काढण्यांत आली. तीहि कां? एका तरुणाचा मारहाणींत मृत्यु झाला होता, त्याच्या नांवानें निघालेल्या धर्मादाय संस्थेस पैसा मिळावा म्हणून. जानेवारी २०१० मध्यें पॅरिसच्या लिलावांत २ लाख ६० हजार ५०० यूरोंना ती विकली गेली. एक बाजू गाळांत रुतल्यामुळें बरीच टिकलेली, दुसरी अगदीं खाऊन गेलेली. चाकांच्या आऱ्या कोठें आहेत, कोठें नाहींत. तितक्याच पैशांत तिचा क्रमांक वापरून एक चकचकीत नवी ब्रेशिया सहज उभी करतां आली असती, आणि कायद्यानें तिला कोणी नांवहि ठेविलें नसतें. घेणारानें तसें केलें नाहीं. कॅलिफोर्नियांतील ऑक्सनार्डच्या मलिन संग्रहालयांत ती सरोवरांतून आली तशीच मांडण्यांत आली. २०२४ सालीं तें संग्रहालय बंद झालें. तेथें असतांना ती कधीं चालली नाहीं, चालणारहि नव्हती; पण इतकी बोलकी मोटार आम्हीं छायाचित्रांतहि दुसरी पाहिली नाहीं.

अर्थात् प्रत्येक गाडी कांहीं सरोवरांत पडलेली नसते. अधिक विचार करावयास लावणारें उदाहरण अमेरिकेंतील फिलाडेल्फियाचें आहे. तेथें फ्रेड सिमियोनी नांवाचे एक नामांकित मेंदूचे शस्त्रवैद्य होऊन गेले. २०२२ सालीं ते वारले. शर्यतीच्या गाड्यांचें त्यांचें संग्रहालय २००८ सालीं लोकांसाठीं उघडलें. मेंदूवर शस्त्र चालविणाऱ्या माणसाला, काढलेला भाग परत बसत नाहीं, हें वेगळें शिकवावें लागत नसावें. त्यांच्याकडे ‘शेल्बी कोब्रा डेटोना’ जातीच्या सहा गाड्यांपैकीं पहिली गाडी आली. पीटर ब्रॉक या तरुणानें आंखलेली ही गाडी १९६४ सालीं कॅलिफोर्नियांत शेल्बीच्या दुकानांतच बांधली. बाकीच्या पांचांचीं अंगें इटलींत मोदेना येथें घडविलीं गेलीं. पहिल्याच शर्यतींत, डेटोना येथें आघाडीवर असतां, थांब्याच्या जागीं तिला आग लागली. त्याच वर्षीं ल माँला बाहेरच्या बॅटरीनें इंजिन चालू केल्यामुळें तिला बाद केलें. १९६५ सालीं बोनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तिनें वेगाचे अनेक विक्रम केले. पुढें ती नाहींशी झाली, ती २००१ सालीं एका कोठारांत पुन्हां दृष्टीस पडली.

डॉ. सिमियोनी यांनीं तिला नवा निळा रंग दिला नाहीं. जुना रंग, झीज, डागडुजीच्या खुणा, सारें तसेंच ठेवून ती चालती केली. आणि त्यांच्या संग्रहालयांतील गाड्या मागील अंगणांत लोकांपुढें चालवून दाखविण्याचा प्रघात पाडला. २०१४ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहींत पहिली नोंद झाली ती हिचीच. जुन्या पुलांचीं आणि गिरण्यांचीं मोजमापें घेऊन सरकारी ग्रंथालयांत ठेवतात, तशीं हिचींहि घेऊन ठेविलीं. जतन करावें तर चालवितां येत नाहीं, आणि चालवावें तर जतन होत नाहीं, असें जें म्हणतात त्याला या अंगणांत बरेंच उत्तर मिळतें.

जुन्या वाहनांच्या जागतिक संघानेंहि याच दिशेनें पाऊल टाकलें आहे. १९६४ सालीं व्हेनिसला जुन्या इमारतींच्या जतनासाठीं जी सनद तयार झाली, तिच्या धर्तीवर या संघानें २०१२-१३ मध्यें ‘ट्यूरिनची सनद’ संमत केली. वाहन वापरांत असावें, पण त्यावर हात टाकावा तो जरूर तेवढाच. नवा भाग घातला तर त्यावर ओळखूं येईल अशी खूण करावी. केलें तें नोंदून ठेवावें, असा तिचा आशय. रस्किन आणि मॉरिस यांचाच उपदेश हा, फक्त तो पोहोंचावयास शंभरावर वर्षें लागलीं.

येथें एक शंका रास्त आहे. वरचीं पुटें हाहि इतिहासच म्हणावयाचा, तर खालचें रूप कधीं पाहावयाचेंच नाहीं काय? वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर २०२२ सालीं काढले आणि देवीचें आंतलें रूप प्रकट झालें, तेव्हां भक्तांस धन्यता वाटली. ती चुकीची होती असें आम्ही म्हणणार नाहीं. तेथें खालीं कांहीं तरी शाबूत होतें. मोटारीच्या बाबतींत बहुधा पुटाखालीं पुटच असतें, आणि सर्वांत खालीं उघडा पत्रा. त्यावर जें चढवावयाचें तें आजचें, आपल्या कल्पनेंतलें. पूर्वींचें रूप उघडें करणें आणि पूर्वींचें रूप नव्यानें रंगविणें यांत हा फरक आहे, आणि प्रत्येक गाडीपुढें उभें राहून तो निराळा ठरवावा लागतो.

कॅलिफोर्नियांत पेबल बीच येथें समुद्रकांठच्या हिरवळीवर १९५० सालापासून जुन्या मोटारींचें एक प्रदर्शन भरतें, आणि त्यांत सर्वोत्तम गाडीस मान देतात. आरशासारख्या रंगाचें स्तोम माजविण्यांत या प्रदर्शनाचा वांटा मोठा. या शतकाच्या आरंभीं तेथें जशाच्या तशा राखलेल्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग काढला गेला, पण पहिला मान नेहमीं चकचकीत गाडीलाच जाई. २०२४ सालीं तो प्रथमच मोडला. मान मिळाला १९३४ सालच्या एका ‘टाइप ५९’ बुगाटीला. ही गाडी रेने ड्रेफ्युस यानें त्या वर्षीं बेल्जियमच्या ग्रां प्रीमध्यें पहिली आणली होती. मागाहून बुगाटीच्या कारखान्यानेंच तिचा सुपरचार्जर काढला आणि तिला दुसऱ्या प्रकारच्या शर्यतींसाठीं बदललें. नंतर ती बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड यानें घेतली, आणि तिला काळा रंग देऊन वर पिंवळा पट्टा ओढविला.

१९३४ सालच्या त्या विजयाच्या दिवशींची गाडी कोणास हवी असती, तर राजाचा काळा रंग खरवडावा लागला असता, आणि त्याखालचें कारखान्याचें स्वतःचें कामहि उपटून काढावें लागलें असतें. असें करून जी गाडी झाली असती तिला पूर्वीं बक्षीस सहज मिळालें असतें. मालकानें तें केलें नाहीं. जागोजाग झिजलेल्या, डागाळलेल्या त्या काळ्या रंगासह आणि त्या पिंवळ्या पट्ट्यासह ती हिरवळीवर उभी राहिली, आणि बक्षीस घ्यावयास मंचाकडे गेली ती स्वतःच्याच इंजिनाच्या बळावर.